कराल गावाशी सोयरीक

माझ्या सासूला पेरू देश कुठं आहे ते माहीत नाही. पण त्या देशातल्या एका फार जुन्या शहराशी आपली सोयरीक आहे, असं ती दिग्रसच्या बाजारात भेटेल त्याला सांगते. सोयरीक कशी, असं कुणी विचारलंच तर म्हणते, "त्येही कापूसवालेच न बाप्पा." यापुढे तिला पुरावा लागत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला उठता-बसता पुरावा लागतो. त्यामुळे आमचं दोघींचं रोज वाजतं आणि संध्याकाळी एकाच ताटलीतल्या शेंगा सोलताना मिटतं.

आमचा तांडा दिग्रसहून पुसदकडे जाताना रस्त्याला लागूनच आहे. तांडा म्हटलं की लोकांना अजून बैलांच्या पाठीवरच्या गोणी आठवतात. आमच्याकडे स्लॅबची घरं आहेत, दारात मोटरसायकली आहेत, आणि कापूस, सोयाबीन, तुरीचं जे इतरांचं होतं तेच आमचं होतं. सासूला आम्ही सगळे याडी म्हणतो. याडी म्हणजे आई. घरात आमची बंजाऱ्यांची गोरबोली आणि वऱ्हाडीची खिचडी शिजते. इथं मी तिचं बोलणं वऱ्हाडीतच लिहिते, नाहीतर तुम्ही अर्ध्यातून उठून जाल.

याडीच्या लोखंडी पेटीत अगदी तळाशी एक फुल्या असते. फुल्या म्हणजे डोक्यावर घागर ठेवायची चुंबळ, पण साधी नव्हे. लाल कापडावर रंगीत दोऱ्याचं भरतकाम, मधून आरशाचे तुकडे, आणि कडेनं दाटीवाटीनं शिवलेल्या कवड्या. लग्नात नवरी ती डोक्यावर घेते. याडीच्या आईनं ती याडीसाठी केली, याडीनं ती माझ्या डोक्यावर ठेवली, आणि आता ती माझ्या लेकीच्या डोक्यावर जायची होती.

या फुल्याला पुढच्या बाजूनं, बरोब्बर कपाळावर येते तिथं, एक जागा रिकामी होती. कवडी नाही, नुसती सुईची भोकं. माझ्या लग्नात मीही ती तशीच मिरवली. मांडवात एक बाई दुसरीला म्हणाली, "नव्या सुनेच्या नशिबी एक कवडी कमीच." ते मी ऐकलं आणि माझी कानशिलं तापली. नवऱ्याला खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. त्याच्या आधी याडीला एक मुलगी झाली होती. भिंतीला धरून चालायला लागली होती, आणि तापानं गेली. लहान लेकराला आमच्यात पुरतात. पुरताना याडीनं फुल्यावरची ती कवडी दातानं तोडली आणि लेकीच्या मुठीत दिली.

त्यानंतर ती जागा कुणी भरली नाही आणि तिच्याबद्दल कुणी बोललंही नाही. माझ्या जिभेला हाड नाही असं नवरा म्हणतो, पण एवढ्या एका गोष्टीपुरतं ते होतं.

लेकीचं लग्न ठरलं त्या आठवड्यात याडीनं आपण होऊन पेटी उघडली. फुल्या मांडीवर घेतली, त्या भोकांवर अंगठा ठेवला आणि मला म्हणाली, "हे भरून टाकू वं आता. पोरगी भरल्या फुल्यानं जाऊ दे." माझा जीव गलबलला. आणि माझं असं आहे की जीव गलबलला की मी रडत बसत नाही, पर्स उचलते. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाजारातून कवड्यांचं पाकीट घेऊन आले.

याडीनं त्यातली एक उचलली, गालाला लावली आणि पाकिटात परत टाकली. "पलास्टिक हाय."

"कशावरून?"

"खरी कवडी गालाले थंडी लागते. उन्हायातही."

मी पण लावून पाहिली. बाटलीचं झाकण गालाला लावल्यासारखं वाटलं. बरं, हरकत नाही. पुढच्या रविवारी बसनं यवतमाळ गाठलं आणि पूजेच्या सामानाच्या दुकानातून गालाला लावून लावून एक खरी कवडी आणली. दुकानदार माझ्याकडे काळजीनं बघत होता. घरी आल्यावर याडीनं ती गालाला धरली, मान डोलावली. "खरी हाय." मी जिंकल्यासारखी बसले. तर म्हणाली, "पन इकत आनली न."

"मग काय चोरून आणू?"

"लेकीची जागा इकत घेऊन भरत नसते वं," म्हणाली आणि बकऱ्यांना पाला टाकायला उठून गेली. मला असा राग आला म्हणून सांगू! लग्न तोंडावर आलेलं, आणि हिला कवडी पाहिजे, पण विकतची नको. तुरीच्या शेतात काय कवड्या उगवतात? मी ती कवडी रागारागानं पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून दिली.

दिवाळीला लेक पुण्याहून आली. ती पुरातत्त्व शिकते, म्हणजे जुनी गावं खणून काढायचं शास्त्र. लग्न ठरलेली मुलगी घरी येऊन दागिन्यांचं बोलेल, तर ही आजीला मोबाइलवर दगडांचे ढिगारे दाखवत बसली. आमच्याकडे नुकतीच सीतादही झाली होती. कापसाची पहिली वेचणी करण्याआधी शेतात झाडाला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ती सीतादही. त्या दिवशी वेचलेला कापूस आमच्या घरात विकत नाहीत, त्याच्या देवासाठी वाती होतात. याडी ओट्यावर बसून त्यातला काडीकचरा निवडत होती.

"आजी, हे पाह्य. याले कराल म्हणतात. पेरू देशात आहे, काही हजार वर्षं जुनं."

"हे तं टेकडे हायेत."

"टेकडे नाही, देवळं. पायऱ्या-पायऱ्यांची. गवताच्या झोळ्या विणत, त्यात दगड भरत आणि झोळीसकट देवळाच्या पायाभरणीत टाकत. समुद्र तिथून जवळ नाही, चांगलं चालावं लागते. पण शहरात मासळीच्या काट्यांचा खच निघाला. अन शेतात काय पिकत होतं, सांग बरं?"

"काय?"

"कापूस. काही काही तर तपकिरी, झाडावरच तसा."

याडीचे हात थांबले. तिनं मोबाइल ओढून घेऊन डोळ्याजवळ नेला, जणू ढिगाऱ्याच्या मागं कुठं तरी बोंडं दिसतील. लेकीनं विचारलं, "मंग मासळी आली कुठून?"

"बदल्यात," याडी म्हणाली.

"बरोब्बर! किनाऱ्यावरच्या लोकाईले जाळ्यासाठी सूत पाहिजे होतं. हे कापूस देत, ते मासळी देत. अन हा लाल शिंपला पाह्य, वरून काटेरी असतो. याचा तर लयच मान. त्याचे मणी करत, देवाले वाहत. पण त्यांच्या समोरच्या समुद्रात हा होतच नाही, तिथलं पाणी थंडं आहे. दूर उत्तरेकडे गरम पाण्यात होतो, तिथून यायचा."

"बैलावर?"

"बैल नव्हतेच त्या मुलखात."

"मंग?"

"माणसंच आणत असतील. पाठीवर, डोक्यावर. या हातातून त्या हातात."

याडीनं हातातला कापूस मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे तांडा होता म्हन तिथंही."

"तसं कुठं लिहिलेलं नाही आजी. त्यांचं लिहिणंच सापडलं नाही."

"लिवलं नसलं तं का झालं? शिंपले का आपल्या पायानं चालत आले?"

"शिंपल्याला पाय असतो एक," मी आतून ओरडले, "सातवीला शिकवतो आम्ही." दोघींनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

त्या दिवशी याडी फार बोलली. तिच्या आजीकडून ऐकलेलं, की आपले लोक बैलांवर मीठ वाहायचे, धान्य वाहायचे, आणि परतताना कुठं कुठं कवड्या मिळायच्या. पैशानं नाही, मिठाच्या बदल्यात. फुल्यावरच्या कवड्या तशा आलेल्या. हे सगळं मी इतकी वर्षं त्या घरात राहून पहिल्यांदा ऐकत होते. कराल नावाच्या गावानं याडीचं कुलूप उघडलं, आणि मला खरं सांगायचं तर त्या गावाचा थोडा हेवाच वाटला.

दोन दिवसांनी मी लेकीसोबत पुण्याला निघाले, साड्या आणि कपड्यांच्या खरेदीला. ट्रॅव्हल्सची वेळ झाली होती. याडी आली आणि माझ्या हातात एक पुरचुंडी ठेवली. सीतादहीचा कापूस. स्वच्छ निवडलेला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला.

"समुद्रावाल्याईले दे, अन बदल्यात आन."

"याडी, मी पुण्याला चाललेय."

"पुन्याच्या पुढं समुद्र हाय म्हनते पोरगी."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो बॅगेची चेन लावण्यात गुंगला, जी आधीच लावलेली होती.

तर अशी मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा समुद्र बघितला, खांद्याच्या पिशवीत कापूस घेऊन. लेक मला पुण्याहून बसनं अलिबागच्या बाजूला घेऊन गेली. मला वाटलं होतं, समुद्र पाहून मी काहीतरी चांगलं बोलेन. मी म्हणाले, "बाप रे, एवढं पाणी!" यवतमाळच्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार? मग मी तिथंच वाळूत बसले आणि बराच वेळ उठले नाही. मला याडीची फार आठवण आली. तिनं हे कधीच बघितलेलं नव्हतं, आणि आयुष्यभर ती याचाच एक तुकडा शोधत बसली होती.

किनाऱ्यावर दुकानांत शिंपल्यांचे हार होते, पडदे होते, त्यावर नाव लिहून देणारेही होते. पण ते सगळं विकतचं. बदल्यात देणारं माणूस शोधायचं होतं, आणि कुणाला तोंड उघडून म्हणणार, बाई, कापूस घेता का? लेक पुढं ढकलत होती आणि मी ताकाला जाऊन भांडं लपवत होते. एकीला शेंगदाण्यांचा भाव विचारला, एकीला बसची वेळ विचारली. शेवटी लेक वैतागली. "आई, वर्गात तर तू काय आवाज लावतेस!"

गावाच्या कडेला काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते. एक कोळीण खाली बसून सुकी मासळी निवडत होती, माझ्याच वयाची असेल. मी तिच्यासमोर पुरचुंडी सोडली आणि एका दमात सांगून टाकलं, की हा आमच्या शेतातला कापूस आहे, आणि याच्या बदल्यात मला एक कवडी हवी आहे.

तिनं कापसाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कापूस? तो काय करू गं बाय? जाली आता नायलॉनची."

झालं! हजारो वर्षांपूर्वीचा सौदा नायलॉनवर येऊन अडकला. मी पुरचुंडीची गाठ परत मारायला घेतली, आणि गाठ मारता मारता का कोण जाणे, तिला सगळं सांगितलं. फुल्या, रिकामी जागा, मुठीतली कवडी, विकतचं चालत नाही हे सुद्धा. कराल तेवढं सांगितलं नाही, तेवढी शुद्ध होती.

तिचे हात मासळीवरच थांबले. "केवरी होती पोर?"

"भिंतीला धरून चालत होती."

तिनं पदराला हात पुसले, माझ्या हातातून पुरचुंडी घेतली आणि कापूस बोटांनी थोडा ओढून पाहिला. "वाती बऱ्या होतील," म्हणाली आणि घरात गेली. बराच वेळ आली नाही. लेक आणि मी उभ्या, भोवती मांजरं. शेवटी बाहेर आली तेव्हा तिच्या तळहातावर एक लहान शिंपली होती. लालसर, पाठीवर उभ्या रेघा, कडेला थोडी खरखरीत.

"कवडी नाय माज्याकडं. ही हाय. घरवाल्याच्या जाल्यात आलेली, देवाजवल ठेवली व्हती."

मी मागं सरकले. देवाजवळची वस्तू कशी घ्यायची? शिवाय ती कवडीही नव्हती. मी पर्सकडे हात नेला, निदान काहीतरी द्यावं म्हणून. तिनं डोळे मोठे केले. "मना पैशे नको. बदल्यात बोललीस ना? मंग?" आणि शिंपली माझ्या मुठीत घालून मूठ मिटली.

परतीच्या बसमध्ये लेक ती शिंपली सारखी उलटीपालटी करत होती. "आई, करालच्या त्या लाल शिंपल्याची लांबची बहीण वाटते ही."

"वाटते म्हणजे? पुरावा?"

"आजीला विचार," ती म्हणाली आणि हसत सुटली.

मला मात्र हसू येत नव्हतं. फुल्यावर कवडीच लावतात. शिंपली कुणी लावल्याचं मी ऐकलं नव्हतं. लग्नाच्या गडबडीत याडीनं ही झिडकारली असती तर ती जागा आता कायमची रिकामी राहिली असती, आणि तिनं एवढ्या वर्षांनी मनावर घेतलेलं मनातच राहिलं असतं. पर्सच्या कप्प्यात यवतमाळची कवडी होतीच. घरी पोचल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो हळूच म्हणाला, "तेच दे न. समुद्रावरून आनली म्हन. तिले काय समजते?" माणूस गरीब आहे, पण कधी कधी त्याच्या डोक्यात असं येतं. आणि खोटं का बोलू, माझ्याही डोक्यात पुण्यापासून तेच घोळत होतं.

याडी ओट्यावर वाट बघत बसली होती. पाणी सुद्धा विचारलं नाही. हात पुढं केला. मी पर्स उघडली, आणि हाताला पहिल्यांदा कवडीच लागली. ती तशीच राहू दिली आणि शिंपली तिच्या तळहातावर ठेवली.

तिनं ती गालाला लावली. डोळे मिटून घेतले. "थंडी हाय," म्हणाली. मग बोटांनी चाचपली. कड, रेघा, आतली गुळगुळीत बाजू. "हे कवडी नाही."

"नाही. तिच्याकडे कवडी नव्हती. ही तिच्या देवाजवळची होती, तीच काढून दिली."

"कापसाचं काय करते म्हने?"

"वाती."

याडी शिंपलीवरून अंगठा फिरवत राहिली. मला ते सहन झालं नाही. मी भरभर म्हणाले, "याडी, माझ्याकडे कवडी पण आहे, यवतमाळची. ती लावू. ही देवाजवळ ठेवू. कोणाला कळणार आहे?"

"नाही वं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "कवडी असती तं कवड्याईत मिसळून गेली असती. हे दिसन."

मी तिथंच ओट्यावर बसले आणि रडले. पर्सबिर्स काही उचलली नाही, सरळ रडले. याडीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला समुद्राचा वास येत होता, की शिंपलीचा, की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक.

आता शिंपलीला भोक नव्हतं. लेक म्हणाली, करालचे लोक दगडाच्या टोकानं भोक पाडत असतील. नवरा शेजाऱ्याचं ड्रिल मशीन आणायला निघाला. याडीनं दोघांनाही गप्प बसवलं. सुईत दोरा ओवून मागितला आणि शिंपलीच्या भोवती आडवे-उभे टाके घेत, दोऱ्याची बारीक जाळी विणून तिला कापडावर बसवली. आतली लाली जाळीतून दिसत होती. लेकीनं तिचे फोटो काढले.

लग्न तांड्यातच झालं. लेक फुल्यावर घागर घेऊन दारातून बाहेर आली तेव्हा उन्हात आरसे चमकले. कवड्या सगळ्या पांढऱ्या, आणि कपाळावर मधोमध ती लाल शिंपली. बायका पुढं सरकून बघायला लागल्या. एक म्हातारी, माझ्या लग्नात "एक कवडी कमीच" म्हणणारी तीच, अगदी जवळ आली आणि बोट लावून म्हणाली, "कवड्याईच्या मधात हे काय लावलं वं?"

मी सांगायला तोंड उघडलं. कराल, कापूस, कोकण, कुठून सुरू करावं याचा विचार करत होते. याडी माझ्या आधी बोलली.

"थोरली हाय माही," ती म्हणाली. "लग्नाले आली."

म्हातारीचं बोट शिंपलीवरच राहिलं. मग तिनं तो हात आपल्या कपाळाला लावला. मी पुरावा मागितला नाही.